तुमच्या कॉनलँगमध्ये ‘म्हणे’ कसं बसवायचं: एव्हिडेन्शियल बनवायची माझी पद्धत

“शेजारचे गेले.” “शेजारचे गेले म्हणे.” “शेजारचे गेले वाटतं.” “शेजारचे गेलेले दिसतायत.” चारही वाक्यांत घडलेली गोष्ट तीच आहे, शेजारचे गेलेत, पण ती बोलणाऱ्याला कशी कळली हे चारही वेळा वेगळं आहे. दुसऱ्यात कुणीतरी सांगितलंय, तिसऱ्यात कशावरून तरी अंदाज बांधलाय, चौथ्यात दाराला लागलेलं कुलूप डोळ्यांसमोर आहे. ही जी माहिती कुठून आली ते सांगणारी खूण, तिला भाषाशास्त्रात एव्हिडेन्शियल म्हणतात. आपण ती दिवसभर वापरतो फक्त तिचं नाव घेत नाही. म्हणून कॉनलँग, म्हणजे स्वतः रचलेली नवीन भाषा, बनवणाऱ्या मराठी माणसाला मी नेहमी सांगते की अॅमेझॉनच्या जंगलातल्या भाषांकडे नंतर जा, आधी स्वतःच्या तोंडातला ‘म्हणे’ नीट बघा.

मराठीत ही खूण लावायची सक्ती नाही. “पृथ्वीवर डायनासोर होते” हे आपण काहीही न लावता बोलतो आणि कुणी विचारत नाही तू होतीस का तिथे. काही भाषांत मात्र ती लावल्याशिवाय क्रियापद पुरंच होत नाही, जसं आपल्याला ‘गेला’ की ‘गेली’ हे ठरवल्याशिवाय बोलता येत नाही तसं. फर्डिनंड डी हान या भाषाशास्त्रज्ञाने 418 भाषा तपासून जगाच्या भाषा-नकाशासाठी जी मोजणी केली तिच्यात 237 भाषांत कुठल्या ना कुठल्या प्रकारची व्याकरणातली खूण सापडली, म्हणजे हा काही दुर्मिळ प्रकार नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

एव्हिडेन्शियल म्हणजे खात्री नव्हे. कॉनलँग करणाऱ्यांच्या वह्यांमध्ये मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, एक प्रत्यय ‘नक्की’ साठी, एक ‘बहुतेक’ साठी, एक ‘कदाचित’ साठी आणि वर मथळा एव्हिडेन्शियल. ते खात्रीचे प्रत्यय झाले. मार्क ओक्रँडने ‘स्टार ट्रेक’साठी बनवलेल्या क्लिंगॉनमध्ये क्रियापदाला ‘बेज’ लावलं की नक्की आणि ‘लाव’ लावलं की तसं दिसतंय असा अर्थ येतो, ती चांगली व्यवस्था आहे पण ती मुख्यतः बोलणाऱ्याला किती खात्री आहे ते सांगते, त्याला कसं कळलं ते सांगत नाही.

दोन्ही वेगळ्या आहेत हे मराठीतच तपासता येतं. “तो नक्की येणार आहे म्हणे.” इथे ‘नक्की’ आणि ‘म्हणे’ शेजारी शेजारी सुखाने नांदतायत. उलट बाजूने बघा, “मी म्हणे त्याचे पैसे बुडवले!” हे बोलणाऱ्याला शंभर टक्के माहीत आहे की हे खोटं आहे, तरी ‘म्हणे’ बरोबर बसतं कारण ते फक्त एवढंच सांगतं की असं बोललं जातंय. मार्टिना फालरने 2002 साली पेरूतल्या कुस्को भागातल्या केचुआ भाषेवर जो अभ्यास केला त्यात अगदी हाच नमुना आहे, बोलणारा ‘सी’ ही ऐकीव माहितीची खूण लावून म्हणतो की त्यांनी माझ्यासाठी रग्गड पैसे ठेवले, आणि त्याच दमात पुढे म्हणतो की एक सोलसुद्धा (तिथलं नाणं) ठेवला नाही. व्याकरण कुठेही मोडत नाही. तुमच्या भाषेतल्या ऐकीव खुणेने असं वाक्य बनत नसेल तर ती खूण बहुतेक संशयाची आहे, ऐकण्याची नाही.

संशय चालतच नाही असं मात्र नाही, तो मागच्या दाराने येतो. “मोठा हुशार म्हणे!” यातला टोमणा ‘म्हणे’च्या मूळ अर्थात नाही, वापरातून चिकटलेला आहे, आणि तुमच्या भाषेतही तो असाच हळूहळू चिकटू द्या.

किती खुणा ठेवायच्या

कमी. माझ्या पहिल्या भाषेत मी नऊ ठेवल्या होत्या, वासाला वेगळी, चवीला वेगळी, स्पर्शाला वेगळी. पंधरा ओळींची एक गोष्ट त्या भाषेत लिहायला बसले आणि प्रत्येक क्रियापदाशी अडले, तेव्हा कळलं की जी खूण बोलताना आपोआप तोंडात येत नाही ती व्याकरण नाही, ती फॉर्म भरणं आहे. नंतर भाषाशास्त्रज्ञ अलेक्झांड्रा आयखेनवाल्डचं 2004 चं काम वाचलं, तिने शेकडो भाषा पाहून लिहिलंय की फक्त वासासाठी किंवा फक्त चवीसाठी अशी स्वतंत्र खूण असलेली भाषा सापडत नाही. नैसर्गिक भाषा डोळा एका बाजूला ठेवतात आणि कान, नाक, जीभ, कातडी हे सगळं मिळून दुसऱ्या बाजूला.

साधारण शिडी अशी आहे. सगळ्यात छोटी व्यवस्था म्हणजे एकच खूण, ऐकीव माहितीची, आणि बाकी सगळं कोरं. मराठी इथे बसते, एस्टोनियन पण, तिथे क्रियापदाला ‘वात’ लावलं की ‘असं म्हणतात’ हा अर्थ येतो. आपल्या आजूबाजूला तर ही रांगच आहे, कन्नडमध्ये ‘बंदनंते’, तेलुगूत ‘वच्चाडट’, तमिळमध्ये ‘वंदानाम’, नेपाळीत ‘आयो रे’, सगळ्यांचा अर्थ ‘तो आला म्हणे’. पुढची पायरी दोन खुणांची, तुर्कीसारखी: ‘गेल्दी’ म्हणजे आला, मला थेट माहीत आहे, आणि ‘गेल्मिश’ म्हणजे आला असं कळलं, मग ते ऐकून कळलं की दारातले बूट बघून कळलं याची चौकशी ‘मिश’ करत नाही. त्याच्या पुढे तीन, कुस्को केचुआत ‘मी’ थेट माहितीला, ‘सी’ ऐकीवला, ‘चा’ अंदाजाला. चार खुणांची ईस्टर्न पोमो, उत्तर कॅलिफोर्नियातली. आणि पाच खुणांच्या तुयुका आणि तारियाना, कोलंबिया आणि ब्राझीलच्या सीमेवर वाउपेस नदीच्या खोऱ्यात.

तुयुकाचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे, जॅनेट बार्न्सने 1984 साली छापलेलं. ‘दीगा आपेवी’, तो फुटबॉल खेळला, मी पाहिलं. ‘दीगा आपेती’, खेळला, मी आवाज ऐकला पण पाहिलं नाही. ‘दीगा आपेयी’, खेळला, मैदानावर त्याच्या बुटांचे ठसे आहेत. ‘दीगा आपेयिगी’, खेळला, मला कुणी सांगितलं. ‘दीगा आपेहीयी’, खेळला असणार, तसं धरून चालायला हरकत नाही. यात मला सगळ्यात आवडतो तो तिसऱ्या आणि पाचव्यातला फरक. ठसे बघून काढलेला निष्कर्ष वेगळा आणि ‘रोजच खेळतो म्हणजे आजही खेळला असेल’ हा निष्कर्ष वेगळा, मराठीतही ‘गेलेला दिसतोय’ आणि ‘गेला असेल’ यात हीच दरी आहे, थोडा वेळ दोन्ही मोठ्याने म्हणून बघा.

पहिल्यांदाच करत असाल तर तीन ठेवा. पाचावर जायचं असेल तर काळाकडे लक्ष द्या, बहुतेक भाषांत सगळ्यात जास्त फरक भूतकाळात असतात, वर्तमानात कमी, भविष्यात जवळपास काहीच नाही. तुयुकातही ऐकीव खुणेला वर्तमानकाळाचं रूप नाही. पाच खुणा गुणिले तीन काळ असा पूर्ण भरलेला तक्ता कुणी दाखवला की मला लगेच कळतं की हा कागदावर बनलाय, तोंडात नाही.

खूण कुठून आणायची

हा भाग मला जिवाभावाचा आहे कारण इथेच भाषेला भूतकाळ मिळतो. नुसता ‘श’ हा प्रत्यय म्हणजे ऐकीव असं ठरवून टाकण्यापेक्षा तो कुठल्या शब्दाची झीज आहे ते ठरवा.

ऐकीव माहितीची खूण बहुतेक वेळा ‘म्हणणे’ या क्रियापदातून येते. आपला ‘म्हणे’ म्हणजे जुनं ‘तो म्हणत असे’ या अर्थाचं रूप, आता गोठलंय. ‘ती आली म्हणे’, ‘ते आले म्हणे’, ‘आपण हरलो म्हणे’, लिंग वचन पुरुष काहीही बदला, ‘म्हणे’ तसंच राहतं, आणि म्हणणारा कोण ते कुणी विचारत नाही. कन्नडचा ‘अंते’ आणि तेलुगूचा ‘अट’ सुद्धा त्यांच्या म्हणण्याच्या क्रियापदातूनच आलेत.

अंदाजाची खूण पुष्कळदा पूर्ण काळातून येते, म्हणजे ‘गेला आहे’ सारख्या रूपातून. ‘गेलाय’ म्हणताना आपलं लक्ष जाण्यावर नसून आत्ताच्या रिकाम्या खुर्चीवर असतं, तीच खुर्ची पुरावा होते आणि काही पिढ्यांनी त्या रूपाचा अर्थच ‘पुराव्यावरून कळलं’ असा होतो. तुर्कीचा ‘मिश’, जॉर्जियन आणि बल्गेरियनमधली रूपं या वाटेने आली. तिसरी वाट ‘वाटणे’, ‘दिसणे’, ‘ऐकू येणे’ अशा क्रियापदांची. “मला वाटतं तो गेला” हे मत आहे, “तो गेला वाटतं” हा अंदाज आहे. ‘मला’ गळालं, शब्द वाक्याच्या शेवटी सरकला आणि अर्थ बदलला, व्याकरण बनण्याची अर्धी वाट तो चालून आलाय.

आता माझ्या सध्याच्या भाषेतून करून दाखवते. ‘वेशु’ म्हणजे मूल, ‘तोर’ म्हणजे रडणे, ‘वाली’ म्हणजे जाणे, साधा भूतकाळ ‘का’. ‘वेशु तोरका’, मूल रडलं. जुन्या काळात ‘शालो’ म्हणजे ‘लोक म्हणतात’, तर ‘वेशु तोर शालो’, मूल रडलं असं म्हणतात. हा ‘शालो’ सारखा सारखा वापरला गेला, त्याच्यावरचा जोर गेला, ‘तोरशाल’ झालं, मग ‘तोरश’, आणि र-श जोडून म्हणायला या भाषेत जड जातं म्हणून मध्ये उ शिरला: ‘तोरुश’. पण ‘वाली’ स्वरान्त आहे, तिथे उ ची गरज नाही, म्हणून ‘वालीश’. म्हणजे एकाच खुणेची दोन रूपं झाली, व्यंजनानंतर ‘उश’ आणि स्वरानंतर ‘श’, केचुआतही असंच आहे, कुस्कोकडे व्यंजनानंतर ‘मी’ आणि स्वरानंतर नुसता ‘न’. दुसरीकडे ‘तोरमे ये’ म्हणजे ‘रडून आहे’, त्यातला ‘ये’ गळाला आणि ‘तोरमे’ ही अंदाजाची खूण झाली, डोळे सुजलेत, गाल ओले आहेत, म्हणजे रडलंय.

यातून एक गोष्ट फुकट मिळाली. ‘तोरका’ला मी काहीही केलं नाही, तो साधा भूतकाळ होता, पण ऐकीव एकाने घेतलं अंदाज दुसऱ्याने घेतला, मग उरलेल्याला आपोआप ‘मी स्वतः पाहिलं’ असा अर्थ येऊन चिकटला. तुमच्या कोऱ्या रूपाचं काय होतं हे लिहून ठेवाच, ते मराठीसारखं तटस्थ राहतं की साक्षीदाराचं होतं, कारण भाषेचा सगळा स्वभाव या एका निर्णयावर फिरतो.

आणि जुना ‘शालो’ मारू नका. तो पूर्ण क्रियापद म्हणूनही जिवंत ठेवा, म्हणजे ‘आमा वालीश शालो’ असं दुहेरी वाक्य येऊ शकतं, ‘आई गेली म्हणे, असं लोक म्हणतात’. आपणही “तो म्हणाला म्हणे” बोलतोच की.

बसवून झालं की घासून बघा

नकार लावा. ‘तो आला नाही म्हणे’ मध्ये येणं नाकारलंय, सांगणं नाकारलेलं नाही. खूण नकाराच्या बाहेर राहते, बहुतेक भाषांत असंच. माझ्या भाषेत ‘वेशु मूतोरुश’, मूल रडलं नाही म्हणे. ‘मूल रडलं असं कुणी म्हणालं नाही’ हे हवं असेल तर पूर्ण क्रियापद वापरायचं. याचीच दुसरी बाजू, “तो आला म्हणे” ला कुणी “छे, खोटं आहे” म्हणालं तर त्याचा अर्थ तो आला नाही असा होतो, तुला कुणी सांगितलंच नाही असा होत नाही.

प्रश्न विचारा. “कधी येणार आहेत म्हणे?” यात ‘म्हणे’ माझ्या ऐकण्याबद्दल नाही, तुझ्या ऐकण्याबद्दल आहे, तू काय ऐकलंस ते सांग. प्रश्नात खूण बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे उलटते आणि ही उलटी कितीतरी भाषांत सापडते. ‘वेशु तोरमे पा?’ म्हणजे तुला काय खुणा दिसतायत, रडलंय का ते.

दुसऱ्याच्या पोटातलं दुखणं घ्या. मला थंडी वाजते हे मला आतून कळतं, त्याला वाजते हे मला कसं कळणार? जपानीत ‘समुई’ म्हणजे थंडी वाजते हे स्वतःबद्दल सरळ म्हणता येतं, तिसऱ्या माणसाबद्दल ‘समुगात्तेइरु’, म्हणजे थंडी वाजत असल्यासारखं वागतोय, असं काहीतरी म्हणावं लागतं. तुमच्या भाषेत तिसऱ्याच्या भावनेला साक्षीदाराची खूण लागत नसेल तर कादंबरी लिहिताना निवेदकाचं काय करणार ते आत्ताच ठरवा.

स्वप्नं. तारियानात साध्या माणसाचं स्वप्न ‘न पाहिलेल्या’ खुणेने सांगतात, पण शमनचं, म्हणजे तिथल्या मांत्रिकाचं, भविष्य सांगणारं स्वप्न ‘पाहिलेल्या’ खुणेने. एवढ्या एका नियमातून त्या समाजात कुणाच्या नजरेला काय वजन आहे ते कळतं, आणि तुम्ही जग उभं करत असाल तर दहा पानांच्या वर्णनापेक्षा असा एक नियम जास्त काम करतो.

आणि मग ‘मी’. स्वतः केलेली गोष्ट स्वतः पाहिलेली असणारच, मग ‘मी’ बरोबर ऐकीव किंवा अंदाजाची खूण लागली तर? तुर्कीत ‘उयुमुशुम’ म्हणजे मला कळलंच नाही, डोळा लागला होता वाटतं. इथे मला आपल्याच परंपरेतली एक जागा दाखवायची आहे जिच्याकडे कॉनलँगवाले वळत नाहीत.

पाणिनीचं सूत्र आहे, ‘परोक्षे लिट्’, अष्टाध्यायीत 3.2.115. जे बोलणाऱ्याच्या डोळ्याआड घडलं त्या भूतकाळाला लिट् लकार, म्हणजे संस्कृत क्रियापदाच्या भूतकाळी रूपांपैकी एक, वापरा, ‘चकार कटं देवदत्तः’, देवदत्ताने चटई केली, मी पाहिली नाही. हा सरळ सरळ एव्हिडेन्शियल आहे. पुढे पाणिनीच्या सूत्रांवरचं पतंजलीचं महाभाष्य प्रश्न काढतं की मग उत्तम पुरुषात, म्हणजे ‘मी’बरोबर, लिट् कसा येईल, स्वतःचं कृत्य स्वतःच्या डोळ्याआड कसं असेल? उत्तर येतं की झोपलेल्या आणि प्यायलेल्या माणसाच्या बाबतीत येईल, ‘सुप्तोऽहं किल विललाप’, मी म्हणे झोपेत विलाप केला. म्हणजे तुर्की माणूस आज ‘उयुमुशुम’ म्हणताना जे करतो त्याचा नियम इथे कधीच लिहून ठेवलाय. पतंजली तिथेच थांबत नाही, तो म्हणतो जागा असलेल्या माणसालाही समोरचं कळत नाही असं होतं, वैयाकरणांपैकी शाकटायन रथमार्गावर बसला होता आणि गाड्यांचा अख्खा तांडा समोरून गेला तरी त्याला कळलं नाही. डोळ्यांसमोर असणं आणि कळणं यातला फरक एका लकाराच्या चर्चेत पकडलाय, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही मिटून नुसती बसून राहिले होते.

त्याच चर्चेच्या जवळ अजून एक बारकावा आहे. जे डोळ्याआड घडलं पण लोकांना माहीत आहे आणि बोलणाऱ्याला बघता आलं असतं, त्याला लिट् नाही, लङ् हे दुसरं भूतकाळाचं रूप: ‘अरुणद्यवनः साकेतम्’, यवनाने साकेताला वेढा घातला. ‘जघान कंसं किल वासुदेवः’, वासुदेवाने कंसाला मारलं म्हणे, हे मात्र लिट्, कारण ते बघता येणं शक्यच नव्हतं. म्हणजे तुमच्या हयातीत घडलेली मोठी बातमी कुठल्या खुणेत जाते आणि पुराणातली गोष्ट कुठल्या, हा प्रश्न तुमच्या भाषेलाही विचारा. आणि नंतरच्या संस्कृतात हे फरक पुसट होत गेले, लिट्, लङ् आणि तिसरा भूतकाळ लुङ् सरमिसळ वापरले जाऊ लागले, तेही लक्षात ठेवा, कारण खुणा झिजतात आणि तुमच्या भाषेच्या म्हाताऱ्या आणि तरुण बोलणाऱ्यांत हा फरक दाखवता येतो.

माझ्या भाषेत ‘ना’ म्हणजे मी. ‘ना तोरका’, मी रडले. ‘ना तोरमे’, उशी ओली आहे, झोपेत रडले असणार. ‘ना तोरुश’, मी म्हणे रडले, लहानपणी, घरचे सांगतात. तीन अक्षरांच्या फरकात तीन वेगवेगळ्या वयाची माणसं उभी राहतात.

आश्चर्य

अंदाजाची खूण बऱ्याचदा आश्चर्यालाही वापरली जाते, कारण आश्चर्य म्हणजे तरी काय, मागाहून कळणं. तुर्कीचा ‘मिश’ समोर बघतानाही लागतो, गोष्ट अनपेक्षित असली की. नेपाळीत ‘रहेछ’ आहे, ‘ऊ त डाक्टर रहेछ’, आणि मराठीत त्याला आपण ‘निघाला’ म्हणतो, अरे तो तर डॉक्टर निघाला! तिबेटीत ‘योद’ आणि ‘दुग’ अशी दोन ‘आहे’ आहेत, माझ्याकडे पैसे आहेत हे ‘योद’ने म्हटलं तर मला माहीतच होतं, ‘दुग’ने म्हटलं तर अरे, खिशात निघाले की. माझ्या ‘तोरमे’ला मी हाच दुसरा अर्थ दिलाय, वेगळा प्रत्यय बनवला नाही.

आधीच्या कॉनलँगांनी काय केलं

सुझेट हेडन एल्गिन या भाषाशास्त्रज्ञ लेखिकेने 1982 साली लादान बनवायला घेतली, स्त्रियांचे अनुभव नीट मांडता यावेत म्हणून. तिथे वाक्याच्या शेवटी पुराव्याचा शब्द येतो. ‘वा’ म्हणजे मला स्वतःला जाणवलं, बाहेरून किंवा आतून. ‘वी’ म्हणजे सगळ्यांना उघड आहे. ‘वे’ म्हणजे स्वप्नात पाहिलं. ‘वो’ म्हणजे कल्पना केली. शिवाय लांब ‘वा’ची दोन रूपं आहेत, चढा सूर आधी आला तर ज्याने सांगितलं त्याच्यावर माझा विश्वास आहे म्हणून खरं धरते, नंतर आला तर विश्वास नाही म्हणून खोटं धरते. हे नैसर्गिक भाषांत सहसा असं थेट सापडत नाही, तिथे विश्वास मागच्या दाराने येतो हे वर लिहिलंच आहे, पण एल्गिनला विश्वासच बोलून दाखवायचा होता आणि तिने तो सुराच्या एका हेलकाव्यात ठेवला. नियम कधी मोडायचा ते यातून शिकावं.

लोजबान या तर्कावर बेतलेल्या कॉनलँगने लादानच्या खुणांतून आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांच्या याद्यांतून भरपूर घेतलं. ‘झाहा’ मी पाहतेय, ‘तिहे’ ऐकलंय, ‘पेही’ माझं मत, ‘काहु’ आमच्या संस्कृतीत असं मानतात, ‘सेहो’ आतून किंवा स्वप्नात कळलं. सक्ती नाही, वाक्यात कुठेही टाका. पॉल फ्रोमरने ‘अवतार’ चित्रपटासाठी बनवलेल्या नावीत क्रियापदाच्या पोटात ‘आत्स’ शिरतं आणि गोष्ट अंदाजाची होते. जॉन क्विहाडाच्या इथकुइलमध्ये हा एक पूर्ण विभागच आहे, बघायला सुंदर, बोलायच्या भाषेसाठी नमुना म्हणून मी तो घेणार नाही.

उचलायचंच असेल तर पेरू आणि ब्राझीलमधल्या मात्सेस भाषेकडे बघा, डेव्हिड फ्लेकने 2007 साली मांडलेली. तिथे अंदाजाच्या क्रियापदात दोन काळ येतात, घटना कधी घडली आणि पुरावा कधी सापडला. डुकरं खूप आधी गेली पण त्यांचे माग मी आत्ताच पाहिले, हे एका क्रियापदात. माझ्या पुढच्या भाषेत मी हे वापरणार आहे.

गोष्ट लिहून बघा

शेवटी तक्ता बाजूला ठेवा आणि एक छोटी गोष्ट लिहा, कारण गोष्टींना स्वतःची खूण असते. तुर्की परीकथा ‘बिर वारमिश, बिर योकमुश’ अशी सुरू होते, एक होतं, एक नव्हतं, आणि ‘मिश’ लागल्यामुळे पहिल्याच वाक्यात ऐकणाऱ्याला कळतं की सांगणारा तिथे नव्हता. माझ्या भाषेतली गोष्ट ‘श’ने चालते. मुलगा घरातून निघाला, वालीश. रात्री रडला, तोरुश. आणि मग सगळ्या ‘श’ मध्ये एकदाच, आजी सांगता सांगता म्हणते ‘वेशु तोरका’. ऐकणारी पोरं गप्प होतात, कारण ‘का’ म्हणजे आजी तिथे होती.

हे वाक्य मी ठरवून लिहिलं नव्हतं. आधीच्या ओळींतला ‘श’ लिहून लिहून हाताला लागला होता, एका ओळीत चुकून ‘का’ पडलं, खोडायला गेले आणि वाचून थांबले. तुमची गोष्ट लिहिताना अशी चूक झाली तर लगेच दुरुस्त करू नका, आधी वाचा ती काय म्हणतेय.